शिलालेखातील प्रश्नचिन्ह : विल्फ्रेड ओवेनची कविता आणि त्याचे कुटुंब

१

युद्धात पडलेल्या सैनिकाच्या मागे सामान्यतः दोन वारस उरतात : एक त्याचे राष्ट्र व दुसरे त्याचे घर. राष्ट्र त्याची नोंद यादीत करते, क्वचित् त्याला पदक देते. घर त्याची पत्रे, वह्या व छायाचित्रे जपून ठेवते. हा सैनिक कवी असला म्हणजे त्याला आणखी एक वारस लाभतो, तो म्हणजे वाचक. परंतु या तिसऱ्या वारसाच्या हाती जे काही येते ते पहिल्या दोघांच्या, आणि त्यांतही विशेषतः घराच्या, हातून गाळून आलेले असते. म्हणून युद्धकवीच्या बाबतीत कुटुंबाचा विचार हा केवळ चरित्राचा विषय राहत नाही; तो पाठनिश्चितीचा आणि पर्यायाने अर्थनिर्णयाचाही विषय होतो.

पहिल्या महायुद्धातील इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याच्या बाबतीत हा प्रश्न फारच ठळकपणे उभा राहतो. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्ध थांबण्यास अवघा एक आठवडा उरला असताना, उत्तर फ्रान्समधील ऑर्स या गावाजवळ साँब्र-उआझ कालवा ओलांडण्याच्या प्रयत्नात तो मारला गेला. त्या वेळी त्याचे वय पंचवीस वर्षांचे होते आणि त्याच्या जेमतेम पाच कविता छापून आल्या होत्या. ऑर्सच्या गावदफनभूमीत त्याची समाधिशिला आहे. तिच्यावर त्याच्याच ‘द एंड’ या सुनीतातील शब्द कोरलेले आहेत. हे शब्द त्याच्या आईने निवडले. निवडताना त्यांतील उत्तरार्ध तिने सोडून दिला, आणि त्याबरोबर एक प्रश्नचिन्हही गळाले.

मूळ कवितेत या ठिकाणी लागोपाठ दोन प्रश्न आहेत. या देहांना जीवन पुन्हा नवे करील काय, हा पहिला. आणि मृत्यू खरोखरीच रद्द होऊन सर्व अश्रू पुसले जातील काय, हा दुसरा. कवितेच्या उत्तरार्धात या प्रश्नांना जे उत्तर मिळते ते नकाराचे आहे. वृद्ध काळ नाही म्हणतो, आणि पृथ्वी आपल्या जखमांना भरून येणे ठाऊक नाही, असेच सुचविते. शिलेवर मात्र पहिल्या प्रश्नाचे चिन्ह तसेच आहे, आणि दुसरा प्रश्न अर्ध्यावर तोडल्यामुळे तो प्रश्न न राहता पहिल्याचे उत्तर बनला आहे. कवीने जेथे शंका घेतली तेथे शिला आश्वासन देते. शब्द सर्वस्वी कवीचे आहेत. अर्थ मात्र उलटा झाला आहे. ही उलथापालथ कशी झाली आणि समीक्षकाने तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

ओवेनच्या घराची पार्श्वभूमी थोडक्यात लक्षात घेणे आवश्यक आहे. विल्फ्रेडचा जन्म १८ मार्च १८९३ रोजी श्रॉपशायर परगण्यातील ऑस्वेस्ट्री येथे ‘प्लास विल्मट’ या आजोळच्या घरात झाला. वडील टॉम ओवेन रेल्वेत नोकरीस होते. आई सूझन ही शॉ घराण्यातील. १८९७ साली आजोबा वारले आणि ते प्रशस्त घर विकावे लागले. त्यानंतर बर्कनहेड येथील साध्या वस्तीतील भाड्याची घरे, आणि १९०७ पासून श्रूझबरी, असा या कुटुंबाचा प्रवास झाला. विल्फ्रेड, मेरी, हॅरॉल्ड व कॉलिन ही चार भावंडे. गेलेल्या वैभवाची आठवण आणि मध्यमवर्गीय प्रतिष्ठा टिकविण्याची धडपड या दोन गोष्टी घराच्या वातावरणात कायम होत्या.

सूझन ओवेन ही अत्यंत धर्मनिष्ठ बाई होती. थोरल्या मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी तिची इच्छा असल्यास नवल नाही. विद्यापीठात शिकविण्याइतका पैसा घरी नव्हता. तेव्हा १९११ साली विल्फ्रेड डन्सडेन येथील धर्मगुरूचा साहाय्यक म्हणून राहिला. तेथे दारिद्र्य व आजार त्याने जवळून पाहिले आणि १९१३ च्या आरंभी, रूढ श्रद्धा गमावून, तो तेथून बाहेर पडला. पुढे फ्रान्समधील बोर्दो येथे इंग्रजीची शिकवणी, १९१५ च्या ऑक्टोबरात सैन्यात प्रवेश, १९१६ साली मँचेस्टर रेजिमेंटमध्ये अधिकारपद, १९१७ मध्ये मनोविकाराच्या उपचारासाठी एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात वास्तव्य व तेथे सीग्फ्रीड ससून या कवीशी गाठ, आणि १९१८ च्या उत्तरार्धात पुन्हा आघाडीवर रवानगी : हा पुढील क्रम सर्वपरिचित आहे.

या सर्व काळात एक गोष्ट अखंड राहिली, ती म्हणजे आईशी चाललेला पत्रव्यवहार. ओवेनची सहाशेंहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत; त्यांपैकी पाचशेंहून अधिक एकट्या आईला लिहिलेली आहेत. आपण नेमके कोठे आहोत हे लष्करी नियमाप्रमाणे लिहिता येत नसल्यामुळे मायलेकांनी एक खुणेची भाषाही ठरवून घेतली होती. म्हणजे ज्या श्रद्धेपासून मुलगा दूर गेला होता ती श्रद्धा प्राणपणाने जपणारी स्त्रीच त्याची सर्वांत जवळची वाचक होती. शिलेवरील प्रश्नचिन्हाचा इतिहास वस्तुतः येथून सुरू होतो.

३

ओवेनने आईला सत्य सांगितले काय? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. १६ जानेवारी १९१७ चे पत्र पाहिले तर ते होकारार्थी द्यावे लागेल. दोन्ही सैन्यांमधील निर्मनुष्य पट्ट्यात, पाणी भरलेल्या एका भुयारात, पंचवीस माणसांसह सुमारे पन्नास तास काढल्यानंतर लिहिलेले हे पत्र आहे. आईला फसविण्यास आपल्याला कोणतेच कारण दिसत नाही, असे तो त्यात स्पष्टपणे म्हणतो. पहाऱ्यावरील शिपाई स्फोटाने उडून आंधळा झाल्याची हकीकत त्यात आहे. तिच्यातूनच पुढे ‘द सेंट्री’ ही कविता निर्माण झाली. आईला उद्देशून लिहिलेले गद्य आणि जगाला उद्देशून लिहिलेली कविता यांचा उगम येथे एकच आहे.

परंतु शेवटच्या महिन्यातील पत्रे वेगळी साक्ष देतात. १ व २ ऑक्टोबर १९१८ रोजी झालेल्या चकमकीबद्दल ओवेनला मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले. या चकमकीचे वर्णन आईला करताना, आपण एक जर्मन मशीनगन व बरेच कैदी पकडले, पिस्तुलाने फक्त एकाच माणसास मारले, बाकीचे हसतमुखाने ताब्यात घेतले, अशा आशयाचे त्याने लिहिले. ससूनला काही दिवसांनी लिहिलेल्या पत्राचा सूर याहून पुष्कळच निराळा आहे. डोक्यात गोळी लागलेला आपला सेवक आपल्या खांद्यावर पडून होता आणि त्याच्या रक्ताने आपला खांदा अर्धा तास भिजत राहिला, ही गोष्ट तेथे झाकलेली नाही. मारले जाण्यापूर्वी चार दिवस, ३१ ऑक्टोबर रोजी, वनरक्षकाच्या घराच्या तळघरातून आईला लिहिलेले शेवटचे पत्र तर जवळजवळ कौटुंबिक विनोदाच्या थाटाचे आहे. धुराने कोंदलेली खोली, बटाटे सोलणारा व लाकडे फोडणारा सोबती, सर्वांची चाललेली थट्टामस्करी यांचे वर्णन करून, येथे कसलाही धोका नाही असा दिलासा तो देतो.

या पत्रांना असत्य म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला आपण उद्या असू की नाही याची खात्री नाही, त्याने आईला रक्ताचा हिशेब द्यावयाचा नाही असे ठरविले तर तो त्याचा अधिकार आहे. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की सांत्वनाचा आरंभ कुटुंबाने केलेला नाही. तो कवीच्याच लेखणीने केला. पत्र लिहिणारा ओवेन आईला दुःखापासून वाचवू पाहत होता, आणि कविता लिहिणारा ओवेन कोणालाच वाचवू इच्छीत नव्हता. दोघे एकाच महिन्यात, एकाच वहीशेजारी बसून लिहीत होते.

४

कवितेतील ओवेन घराविषयी काय म्हणतो हे आता पाहावयास हवे. त्याच्या कवितेचा विषय रणांगण आहे असे सरसकट म्हटले जाते. हे विधान अपुरे आहे. त्याच्या अनेक प्रमुख कवितांत रणांगणाइतकेच घर उपस्थित असते, आणि बहुधा ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असते.

‘एस. आय. डब्ल्यू.’ ही कविता या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. स्वतःच स्वतःला केलेल्या जखमेला लष्करी भाषेत जे नाव होते त्याची ही आद्याक्षरे. टिम नावाच्या तरुणाला निरोप देताना बाप त्याच्या पाठीवर थाप मारतो. पोराची बेअब्रू होण्यापेक्षा तो मेलेला पत्करला, अशी त्या बापाची वृत्ती. आई मुलाला एखादी बरीशी, जीव न घेणारी जखम व्हावी म्हणून झुरत राहते. बहिणींना बंदूक चालविता येत नाही याची हळहळ वाटते, भाऊ सिगारेटी धाडीत राहतात. या सर्व प्रेमाचे आणि अपेक्षांचे ओझे, त्याबरोबर खंदकातील अखंड भीती, यांच्या कात्रीत सापडून टिम स्वतःला गोळी घालून घेतो. सोबती त्याला पुरतात आणि आईला कळवितात ते एवढेच, की तो हसत हसत मेला. हे कळविणे दयेपोटी आहे हे कवी जाणतो. तरीही कवितेचा सर्व भार या दयाळू असत्यावर येऊन पडतो. कारण याच असत्याच्या बळावर दुसऱ्या घरातील दुसरा बाप दुसऱ्या मुलाच्या पाठीवर थाप मारणार असतो.

‘द लेटर’ मध्ये हीच कल्पना उलट बाजूने येते. साधा शिपाई बायकोला आपण सुखरूप असल्याचे पत्र लिहीत असतो. मधूनमधून सोबत्यांशी होणारी त्याची दरडावणीची बोलणी पत्राच्या गोड भाषेला छेद देत राहतात. आणि पत्र पुरे होण्याआधीच तो गोळ्याला बळी पडतो. पत्रातील जग आणि पत्राबाहेरील जग यांतील अंतर हाच या कवितेचा आशय होय. ज्या कवीने ही कविता लिहिली त्यानेच ३१ ऑक्टोबरचे पत्रही लिहिले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अंतराची त्याला किती खोल जाणीव होती हे कळते.

‘अँथेम फॉर डूम्ड यूथ’ या सुनीताची रचना या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगी आहे. पहिल्या आठ ओळींत रणांगणावरील ध्वनी आहेत, आणि चर्चच्या घंटा व प्रार्थना यांना तेथे उपहास म्हणून नाकारलेले आहे. पुढील सहा ओळींत कविता घराकडे वळते. तेथे मेणबत्त्यांच्या जागी मुलांच्या डोळ्यांतील चमक येते, कफनाच्या जागी मुलींच्या चेहऱ्यांवरील फिकटपणा येतो, आणि शेवटी प्रत्येक संध्याकाळी घराघरांतून खाली ओढले जाणारे पडदे येतात. येथे घर आरोपी नाही. ते मुकेपणाने शोक करते, आणि म्हणूनच कवी त्याचा शोक खरा मानतो. ओवेनचा आक्षेप घराच्या दुःखावर नव्हता. त्या दुःखाला जी तयार भाषा पुरविली जाते तिच्यावर होता, ही गोष्ट या कवितेने सिद्ध होते.

येथे एका मोहापासून सावध राहणे अगत्याचे आहे. ओवेनच्या मृत्यूची तार श्रूझबरीच्या घरी ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आनंदाप्रीत्यर्थ गावातील घंटा वाजत असताना, येऊन पोहोचली. घंटांना नाकारणाऱ्या कवीच्या मरणाची वार्ता घंटांच्या नादात यावी, हा योगायोग इतका नाट्यपूर्ण आहे की त्याचा प्रकाश मागे नेऊन कवितेवर पाडण्याचा मोह कोणत्याही वाचकास व्हावा. परंतु कविता १९१७ च्या सप्टेंबरातील आहे, तार त्यानंतर चौदा महिन्यांनी आलेली आहे. योगायोग इतिहासाचा आहे. कवितेच्या अर्थात तो भर घालीत नाही. कलाकृतीची स्वायत्तता मानणाऱ्या मर्ढेकरप्रणीत समीक्षादृष्टीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. मात्र स्वायत्ततेचे हे तत्त्व कवितेचा पाठ निर्विवाद हाती असेल तेव्हाच निर्वेधपणे लावता येते. ओवेनच्या बाबतीत तो पाठ ज्यांच्या हातून आला त्यांचा विचार टाळता येत नाही.

५

ओवेनच्या मृत्यूनंतर त्याच्या कवितांची जपणूक आईने केली. आपण मारले गेलो तर आपल्या कागदांचे एक पोते न पाहता जाळून टाकावे, अशी मुलाची सूचना होती. ती तिने पाळली. बाकीचे सर्व तिने जपले आणि योग्य माणसांच्या हाती दिले. १९१९ मध्ये एडिथ सिटवेलने आपल्या ‘व्हील्स’ या वार्षिक संग्रहात सात कविता छापल्या. १९२० मध्ये ससूनच्या प्रस्तावनेसह पहिला संग्रह निघाला. १९३१ मध्ये एडमंड ब्लंडेनची, तर १९६३ मध्ये सी. डे लुइसची आवृत्ती आली; आणि हस्तलिखितांचा बारकाईने धांडोळा घेणारी जॉन स्टॉलवर्दीची आवृत्ती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. या परंपरेच्या मुळाशी श्रूझबरीच्या घरातील एक बाई आहे, हे कोणत्याही अभ्यासकाने विसरू नये. तिने कागद फेकून दिले असते तर या चर्चेस विषयच उरला नसता.

१९२० च्या संग्रहाबरोबर ओवेनने टिपून ठेवलेली प्रस्तावनेची कच्ची रूपरेषाही प्रसिद्ध झाली. हे शोकगीत या पिढीला कोणत्याही अर्थाने सांत्वन देणारे नाही. पुढच्या पिढीला ते तसे वाटल्यास वाटो. आज कवीला एवढेच करता येते की त्याने इशारा द्यावा, आणि म्हणून खऱ्या कवीने सत्यवादी असले पाहिजे : अशा आशयाचे विधान त्यात आहे. हे विधान आणि ऑर्सची शिला एकमेकांशेजारी ठेवली असता विरोध पूर्ण होतो. कवी म्हणतो सांत्वन नाही. शिला म्हणते सांत्वन आहे.

तथापि या विरोधाचा सर्व दोष आईच्या माथी मारण्यापूर्वी काही गोष्टी तपासून पाहणे इष्ट आहे. समाधिशिला उभारण्याचे काम १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इम्पिरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे होते. सर्व शिला एकाच आकाराच्या. अधिकारी आणि शिपाई असा भेद त्यांत नव्हता. कुटुंबाला स्वतःच्या निवडीचा मजकूर देण्याची मुभा होती, पण तो मधल्या जागांसह ६६ अक्षरांत बसवावा असा नियम होता, आणि आरंभी दर अक्षरास साडेतीन पेन्स इतके शुल्क सांगितले जात होते. ‘द एंड’ मधील दोन्ही प्रश्न पूर्ण घेतले असते तर ते या मर्यादेत मावले नसते. म्हणजे मजकूर तोडण्यास नियमाचा हातभार लागला असणे शक्य आहे. परंतु कोठे तोडावे हे नियमाने ठरत नव्हते. ओवेनच्या कवितांतून शंका नसलेल्या ओळी वेचणे अशक्य नव्हते. आईने शंकेचीच ओळ घेतली आणि तिचे विधान केले. यात कपट शोधण्याची गरज नाही. तिने बहुधा ती ओळ तशीच वाचली असेल. धर्मश्रद्ध मनाला त्या प्रश्नाचे उत्तर प्रश्न वाचतानाच ठाऊक असते. वाचकाची श्रद्धा पाठाला कशी वळविते याचे इतके स्वच्छ उदाहरण वाङ्मयाच्या इतिहासात विरळा.

असेच दुसरे उदाहरण भारतीय वाचकाला जवळचे वाटेल. १ ऑगस्ट १९२० रोजी सूझन ओवेनने रवींद्रनाथ ठाकुरांना एक पत्र लिहिले. अखेरचा निरोप घेताना मुलाने ‘गीतांजली’ मधील, निरोपाच्या वेळी आपली धन्यता व्यक्त करणारे शब्द आपल्याला म्हणून दाखविले; पुढे त्याची खिशातील वही घरी आली तेव्हा तिच्यात तेच शब्द रवींद्रनाथांच्या नावासह त्याच्या हस्ताक्षरात आढळले; ही कविता कोणत्या पुस्तकात संपूर्ण वाचावयास मिळेल, असे तिने विचारले आहे. रवींद्रनाथांच्या कवितेत ही धन्यता विश्वरूपाच्या दर्शनाची आहे. आघाडीकडे परत निघालेल्या सैनिकाच्या तोंडी आल्यावर त्याच शब्दांवर वेगळी छाया पडते. त्याने जे पाहिले ते धन्यतेचे होते तसे भीषणही होते, आणि सहकाऱ्यांविषयीच्या प्रेमात ती दोन्ही एकवटली होती. आईने त्यांतील शांती तेवढी ऐकली. पण या वेळी मात्र तिने अर्धे वाक्य घेऊन समाधान मानले नाही. संपूर्ण कविता कोठे आहे असा प्रश्न तिने विचारला. शिलेवर प्रश्नचिन्ह गाळणारी बाई आणि हे पत्र लिहिणारी बाई एकच आहे. तिच्या बाजूने याहून अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.

६

सूझन ओवेन १९४२ मध्ये वारली. त्यानंतर कुटुंबाच्या वतीने बोलण्याचे काम धाकटा भाऊ हॅरॉल्ड याने आपल्याकडे घेतले. ‘जर्नी फ्रॉम ऑब्स्क्युरिटी’ हे त्याचे आत्मकथन १९६३ ते १९६५ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाले आणि जॉन बेल याच्या सहकार्याने त्याने संपादिलेला ओवेनचा पत्रसंग्रह १९६७ मध्ये आला. आईचे काम जपण्याचे होते. भावाचे काम घडविण्याचे होते.

हॅरॉल्डचे आत्मकथन हे वाङ्मयदृष्ट्या उपेक्षणीय पुस्तक नाही. आईचे सर्व लक्ष थोरल्याकडे, शिक्षणाचा तुटपुंजा पैसाही त्याच्यासाठी, आणि आपल्या वाट्याला मात्र लहान वयातच व्यापारी जहाजावरील कष्टाची नोकरी, ही तक्रार त्यात पानोपानी आहे. मेलेल्या थोर भावाच्या सावलीत जगणाऱ्या माणसाचे मन त्यातून जितके दिसते तितके विल्फ्रेडचे मन दिसत नाही. पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग असा : युद्ध संपल्यावर कॅमेरूनच्या किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या ‘अस्ट्रीया’ या युद्धनौकेवर हॅरॉल्ड आपल्या खोलीत शिरतो तो विल्फ्रेड गणवेषात खुर्चीवर बसलेला त्याला दिसतो, काही वेळाने खुर्ची रिकामी असते, आणि भाऊ गेला हे त्याला उमगते. या प्रसंगाची खरेखोटेपणाच्या कसोटीवर छाननी करणे व्यर्थ आहे. सुमारे पंचेचाळीस वर्षांनी शब्दबद्ध झालेली ही आठवण भावाचे दुःख सांगते, आणि त्या दुःखाबद्दल तिची साक्ष ग्राह्य आहे. परंतु त्याच लेखणीने दिलेले कवीच्या बालपणातील लांबलचक संवाद चरित्राचा पुरावा म्हणून स्वीकारणे हा पद्धतीचा दोष ठरतो. स्टॉलवर्दीने १९७४ साली लिहिलेले चरित्र बऱ्याच अंशी हॅरॉल्डच्या कथनावर उभे होते. डॉमिनिक हिबर्डने २००२ मधील आपल्या चरित्रात त्यातील अनेक गोष्टी पुन्हा तपासून दुरुस्त केल्या.

पत्रांच्या बाबतीत हॅरॉल्डचा हात अधिक प्रत्यक्षपणे दिसतो. कुटुंबाच्या प्रतिष्ठेला किंवा विल्फ्रेडच्या नावाला बाधक वाटलेले मजकूर त्याने शाईने खोडून टाकले, काही कापून काढले. छापील संग्रहात अशा जागा रिकाम्या दाखविलेल्या आहेत. वगळलेल्या जागेची खूण ठेवणे हा प्रामाणिकपणा होय. पण खोडलेले पुष्कळसे कायमचे गेले.

या सर्वांत लक्षणीय गोष्ट पदकाच्या प्रशस्तिलेखाची आहे. सरकारी लेखाप्रमाणे ओवेनने शत्रूची पकडलेली मशीनगन स्वतः चालविली आणि शत्रूची मोठी हानी केली. पत्रसंग्रहात जो लेख छापला गेला त्यात मात्र त्याने मशीनगन पकडली आणि अनेकांना कैद केले, असे म्हटले आहे. माणसे मारणारा कवी येथे माणसे पकडणारा झाला आहे. करुणेचा कवी म्हणून ज्याची कीर्ती झाली त्याच्या हातून अनेक जर्मन मारले गेले, ही गोष्ट नंतरच्या वाचकांना अडचणीची वाटावी हे समजण्यासारखे आहे. परंतु सौम्य झालेला हा लेख कोणाच्या शब्दांशी जुळतो हे पाहावे. तो आईला लिहिलेल्या ऑक्टोबरमधील पत्राशी जुळतो. मुलाने आईसाठी जे रूप तयार केले होते तेच रूप अर्धशतकाने जगापुढे ठेवले गेले.

यातून होणारे वाङ्मयीन नुकसान लहान नाही. ओवेनच्या कवितेतील करुणा ही हत्येपासून दूर उभ्या असलेल्या सज्जनाची करुणा नव्हे. ‘स्ट्रेंज मीटिंग’ मध्ये मारणारा आणि मारलेला भूमीखालच्या अंधारात समोरासमोर येतात; तेथे बोलणारा शत्रू आहे, आणि ऐकणारा त्याला मारणारा आहे. ही कविता ऑक्टोबर १९१८ पूर्वीची असली तरी मारणाऱ्याची जबाबदारी तिच्या केंद्रस्थानी आहे. कवीचे हात स्वच्छ करून दाखविले की या कवितेचा कणाच मोडतो. प्रश्नचिन्ह गळाल्यामुळे ‘द एंड’ ची जी गत शिलेवर झाली, तीच गत प्रशस्तिलेख सौम्य केल्याने कवीच्या संपूर्ण प्रतिमेची झाली.

७

हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. त्याच युद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूट येथे शरण आलेल्या सैन्यात होत्या. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीवार संख्या तेवढी घातली गेली. या विषम वागणुकीची कबुली त्या संस्थेने नेमलेल्या समितीच्या अहवालात २०२१ साली दिली गेली. सूझन ओवेनला ६६ अक्षरे मिळाली आणि तिने त्यांतून एक प्रश्नचिन्ह गाळले. कोकणातील व देशावरील शेकडो आयांना एक अक्षरही मिळाले नाही. त्यांच्या मुलांची तर नावेच गळाली.

पत्रांच्या बाबतीतही असाच फरक आढळतो. फ्रान्समधील भारतीय शिपायांच्या पत्रांचे उतारे आज उपलब्ध आहेत ते घरांनी जपले म्हणून नव्हेत, तर लष्करी तपासनिसांनी भाषांतर करून अहवालात जोडले म्हणून. तेथे संपादक आई किंवा भाऊ नाही, सरकार आहे. आणि मूळ भाषेतील पत्रे बहुतांशी गेली आहेत. शिपायालाही हे ठाऊक होते, म्हणून कित्येक पत्रांत तो खुणेच्या भाषेत बोलतो. ओवेन मायलेकांच्या खुणेच्या भाषेची येथे आठवण व्हावी. या उताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याने, शिपाई असे म्हणतो, एवढे लिहून थांबता कामा नये. कोणाच्या हातून, कोणासाठी आणि काय वगळून हा शब्द आपल्यापर्यंत आला, हे प्रश्न त्याने प्रत्येक उताऱ्याला विचारले पाहिजेत.

ओवेनच्या उदाहरणावरून निघणारा निष्कर्ष असा. युद्धात पडलेल्या सैनिकाच्या कुटुंबाची स्मृती ही कवितेची टीप नव्हे. ती स्वतंत्र पाठ आहे, आणि तिचे स्वतंत्रपणेच वाचन झाले पाहिजे. तिने केलेले बदल दुरुस्त करणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे. गाळलेले प्रश्नचिन्ह त्याने आवृत्तीत पुन्हा घातले पाहिजे, सौम्य केलेला प्रशस्तिलेख मूळ रूपात दिला पाहिजे. परंतु शिलेवरील लेख बदलण्याचा अधिकार त्याला नाही. कविता वाचकांसाठी होती आणि तेथे शंका तशीच राहिली पाहिजे. शिला एका आईने आपल्या मुलाच्या उशाशी ठेवली होती. ऑर्सला जाणाऱ्या वाचकाने ती वाचावी, आणि मग कविता उघडून तो प्रश्न पुरा करावा.